चार किलो खाली

सकाळी साडेआठ वाजता पंचवीसचा नवरा सहा रॅकेटी काखोटीला मारून आला आणि म्हणाला, "सगळ्या एकवीसवर करा." मी चिठ्ठी लिहिता लिहिता थांबलो. आमच्या खोलीत माणसांना नावं नसतात, आकडे असतात. टेनिस रॅकेटच्या तारा किती किलोने ताणून भरायच्या, तो ज्याचा त्याचा आकडा. तो सहसा बदलत नाही. फार तर हवा दमट असली तर अर्धा किलो इकडे, ऊन असलं तर अर्धा किलो तिकडे. ही बाई गेली अकरा वर्षं पंचवीस आहे. लग्नाआधी पंचवीस होती, लग्नानंतर पंचवीस राहिली, क्रमवारीत पहिल्या वीसात होती तेव्हा पंचवीस आणि घसरत घसरत नव्वदीत आली तेव्हाही पंचवीसच. "एकवीस?" मी विचारलं. "हवा जड आहे आज," तो म्हणाला, आणि आपण काही लपवत नाही हे दाखवायला त्याने खिडकीकडे बघितलं. आमच्या खोलीला खिडकी नाही. तिथे अग्निशामक नळकांडं टांगलेलं आहे. त्याने क्षणभर ते नळकांडं बघितलं, मग स्वतःचे बूट बघितले आणि तो निघून गेला. मी चिठ्ठीवर एकवीस लिहिलं. हातातला चहा गार झाला होता, वर साय धरली होती. ती ओठाला चिकटली तेव्हा शिसारी आली, मी पेला बाजूला सारला.

खेळाडू चार किलो खाली एकाच कारणाने येतो. ताण कमी केला की तारा चेंडूला आपणच ढकलतात, हाताला काम कमी पडतं. म्हणजे बाईचा हात गेलेला आहे. खांदा म्हणा, कोपर म्हणा. आणि आज दुपारी अकरा नंबरच्या कोर्टवर तिची पहिल्या फेरीची मॅच आहे. आता यात शिसारी येण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. आमच्या खोलीबाहेरच्या बोळात स्पर्धेच्या बक्षिसांचा फलक लावलाय. सगळ्यात वर विजेतीची रक्कम, तिच्यापुढची शून्यं मोजायला बोट लावावं लागतं. पाहुणे त्या ओळीसमोर उभे राहून फोटो काढतात. खेळाडू मात्र सगळ्यात खालची ओळ बघतात. पहिल्याच फेरीत हरणाऱ्याला काय मिळतं ती ओळ. ती रक्कमसुद्धा माझ्या दोन वर्षांच्या कमाईहून जास्त आहे, आणि वर्षभर गावोगाव हिंडून प्रशिक्षक, विमान, हॉटेल यांत बुडालेली माणसं त्या एका ओळीवर पुढचं वर्ष काढतात. दुखापत असेल आणि आधीच माघार घेतली, तर निम्मी रक्कम तुमची आणि निम्मी तुमच्या जागी उतरणाऱ्याची, असा इथला नियम आहे; मॅचआधी डॉक्टरने तपासून नाही म्हटलं तर ही माघार सक्तीचीच. नियम करणाऱ्यांना वाटलं असेल, चला, प्रश्न मिटला. पण निम्म्यावर समाधान कुणाचं होतं? म्हणून लोक मोडकं अंग घेऊन कोर्टवर उतरतात. दोन गेम खेळून बसलं तर दंड होतो, तेव्हा एक सेट काढायचा. धावल्यासारखं करायचं, तोंड वेडंवाकडं करायचं, डॉक्टरला कोर्टवर बोलवायचं आणि मग मान हलवत समोरच्याशी हात मिळवायचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवतात. बिचारी शेवटपर्यंत लढली म्हणतात. मी खाली मशीनपाशी बसून त्या टाळ्या ऐकतो आणि मला थुंकावंसं वाटतं.

आमची खोली प्रेक्षकांच्या गॅलरीखाली आहे. डोक्यावर सतत पावलं वाजतात, मध्येच काहीतरी सांडतं आणि छताच्या फटीतून थेंब गळतो. सहा मशीनं, सहा जण. वेताची खुर्ची विणावी तशा आम्ही दिवसभर तारा ओढतो, उभ्या आणि मग आडव्या, फक्त खुर्चीवर कुणीतरी बसतं तरी. इथे विणलेलं दुसऱ्या दिवशी तोडून पुन्हा विणायचं. खोलीला प्लॅस्टिकचा, तारांवर छाप मारायच्या शाईचा आणि घामाचा वास. मुठींच्या पट्ट्या घामाने कुजलेल्या असतात, त्यांत केस अडकलेले असतात, कुणाचं रक्त असतं, केळ्याचा गर असतो. पडद्यावर ज्यांच्या दातांची जाहिरात होते त्यांच्या मुठींचा वास मला ठाऊक आहे. आणि मागच्या भिंतीला प्लॅस्टिकात गुंडाळलेला तो पुठ्ठ्याचा धनादेश, दाराएवढा उंच. विजेतीच्या हातात द्यायचा असतो. वर कुठे जागा नाही म्हणून दर वर्षी आमच्याकडे आणून टेकवतात. नावाची जागा कोरी. आम्ही त्याच्यावर ओले नॅपकिन वाळत घालतो. आमच्यातला सगळ्यात जुना, ज्याला आम्ही मुकादम म्हणतो, तो वेळ मिळेल तेव्हा त्याच्या आडोशाला अंग टाकतो आणि घोरतो. मुकादमाने पहिल्या दिवशीच मला सांगितलं होतं, "इथला आकडा इथेच ठेवायचा. बायकोला सांगायचा नाही, देवाला सांगायचा नाही. डॉक्टर एक वेळ बोलेल, आपण नाही." कारण आकडा कळला की समोरच्याला हात कळतो, आणि हात कळला की मॅच संपली. एकोणीस वर्षांत मी तो शब्द पाळला. माझ्याकडे पाळण्यासारखं तेवढंच होतं.

पंचवीसच्या पहिल्या रॅकेटच्या जुन्या तारा कापायला घेतल्या. मधून सुरुवात करायची, एक उभी, एक आडवी, हळूहळू कडेला जायचं, नाहीतर फ्रेम वाकते. हात आपोआप चालत होते आणि डोकं भलतंच चालत होतं. राखीव यादीत पहिलं नाव माझ्या मुलीचं आहे. पात्रता फेरीच्या शेवटच्या मॅचमध्ये ती तिसऱ्या सेटला हरली. हरणाऱ्यांतली जी वरची, तिचं नाव यादीत पहिलं; मुख्य स्पर्धेतली कुणी गळली तर हिला जागा. त्याला इथे लकी लूझर म्हणतात. हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा समोर बसवून विचारायचंय मला. त्या यादीवर रोज सकाळी सही करावी लागते. पहिली मॅच सुरू व्हायच्या अर्धा तास आधीपर्यंत रेफरीच्या कचेरीबाहेरच्या टेबलावर एक कागद असतो. सही केली नाही की नाव गेलं. सही केली की दिवसभर कपडे घालून, बूट बांधून, अंग गरम ठेवून बसायचं आणि कुणाच्या तरी पोटात दुखावं म्हणून वाट बघायची. तीन दिवस ती बसलीय. पहिल्या फेरीचा आज शेवटचा दिवस. तेवीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिने आम्हाला शांतपणे सांगितलं होतं, "या वर्षी मुख्य स्पर्धेत नाव लागलं नाही तर बास. शाळेत पोरांना शिकवायची नोकरी आलीय, ती घेईन." तिची आई कणीक मळत राहिली. सहा वर्षांची असल्यापासून ही पोरगी एकच गोष्ट करत आली आहे आणि तिचं नाव मुख्य स्पर्धेच्या फलकावर एकदाही चढलेलं नाही.

आज सकाळी मी मुद्दाम लवकर येऊन तिच्याबरोबर त्या टेबलापाशी उभा राहिलो होतो. तिने सही केली. अक्षर वाकडंतिकडं आलं. मी म्हटलं, "अगं, नीट तरी कर, वाचता यायला हवं." ती हसली. "घाई झाली बाबा." मग तिने पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली, "उघडा ना जरा." लहानपणी प्रत्येक मॅचआधी ती अशीच बाटली पुढे करायची. मी झाकण फिरवून दिलं आणि मला इतकं बरं वाटलं की दिवस चांगला जाणार अशी खात्रीच झाली. मूर्ख माणसाला खात्री पटायला किती लागतं! तिथून खाली आलो, चहा घेतला, आणि पंचवीसचा नवरा आला.

म्हणजे ती माघार घेणार नाही. ती चार किलो खाली येऊन, एक सेट रडत-रखडत काढून, सगळी रक्कम घेऊन घरी जाणार आणि माझी मुलगी बूट सोडणार. तारा कापता कापता माझा जबडा दुखायला लागला, इतके दात मी आवळले होते. गिधाडं, असं मनात म्हणालो. आणि म्हटल्याबरोबर ती जुनी पोटरी दुखली. खरंच दुखली, मनाचे खेळ नव्हेत. उजव्या पोटरीत आत कुठेतरी खिळा फिरवावा तशी. बावीस वर्षं झाली. तेव्हा मी याच्याहून मोठ्या स्पर्धेत, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, मुख्य ड्रॉमध्ये होतो. आदल्या दिवशी सरावात पोटरी फाटली. आवाज झाला होता, जाड कापड फाडल्यावर होतो तसा. मुलगी एक वर्षाची होती. आम्ही ज्या दीड खोलीत राहत होतो तिथे तिला रांगायलासुद्धा जागा नव्हती. तेव्हा निम्म्याचा नियमही नव्हता. माघार घेतली तर हातात काही नाही. मी पट्ट्या आवळून उतरलो. अकरा गेम काढले. पहिल्या दोन गेममध्येच मला कळलं होतं की मी खेळत नाहीये, मी वेळ काढतोय. दुकान बंद करायला पाच मिनिटं असताना नोकर झाडू फिरवत राहतो तसा. मग मान हलवली, हात मिळवला, टाळ्या घेतल्या. आत कपडे बदलायच्या खोलीत लाल टोपीवाला एक मुलगा बूट बांधून बसला होता. राखीव यादीतला पहिला. त्याने माझी पोटरी बघितली, उठला, कुठून तरी पिशवीत बर्फ घेऊन आला आणि माझ्या पायाखाली ठेवला. मग बूट सोडायला लागला. त्या पैशातून मी तारा भरायचं पहिलं मशीन घेतलं. मुलीची पहिली रॅकेट त्यातूनच आली. लाल टोपीवाल्याचं पुढे काय झालं मी कधी विचारलं नाही.

आणि घरी येऊन मी त्याची गोष्ट केली. याची मला जास्त किळस येते. फाटलेल्या पोटरीने बाबा अकरा गेम लढले. मुलगी चार-पाच वर्षांची असताना ती गोष्ट सांगितल्याशिवाय जेवायची नाही. "मग बाबा पडले?" "नाही पडले." "मग रडले?" "मुळीच नाही." "मग सगळे उभे राहिले?" "सगळे." लाल टोपीवाला त्या गोष्टीत कधीच नव्हता. माझ्या बायकोला खरं माहीत होतं, ती पाठ करून भांडी विसळत राहायची. पुढे मुलगी मोठी झाली, मॅच हरून आली, टाच सोललेली असली, ताप असला, की मीच म्हणायचो, आठव, बाबा काय करून बसले होते ते. ती डोळे पुसायची आणि परत जायची. मला वाटायचं, पोरीला जिद्द देतोय मी.

साडेनऊला चहा आणायला वर गेलो. माझा पेला अर्धा भरलेला होता, चहाची गरज नव्हती. चहाच्या मशीनपाशी स्पर्धेच्या डॉक्टरबाई साखर ढवळत उभ्या होत्या. चांगल्या बाई आहेत, माझी पाठ धरली होती तेव्हा त्यांनीच सोडवली. "काय, मुलीचं नाव लागलं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "अजून नाही." त्या म्हणाल्या, "लागेल हो." आणि निघाल्या. मी तिथे गप्प उभा राहिलो असतो तर सगळं तिथेच राहिलं असतं. बटण दाबलं, पेल्यात चहा पडायला लागला, आणि त्या चहाकडे बघत मी म्हणालो, "पंचवीस चार किलो खाली आलीय." नाव घ्यायची गरज नव्हती, त्यांना सगळ्यांचे आकडे माहीत नसले तरी ही एक सगळ्यांनाच माहीत होती, जाहिरातीत सांगायची स्वतःचा आकडा. डॉक्टरबाईंचा चमचा थांबला. "कधी?" "आज सकाळी." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "बरं," त्या म्हणाल्या. एकोणीस वर्षं सांभाळलेली गोष्ट संपायला चहाचा पेला भरण्याइतकाही वेळ लागला नाही. मी तो चहा तसाच मोरीत ओतला.

खाली आल्यावर हात धुतले. साबण लावून धुतले, मग पुन्हा धुतले. बोटांना तारांचे घट्टे आहेत, त्यांच्या भेगांत शाई बसलेली असते, ती कधी जात नाही. पंचवीसच्या तीन रॅकेटी झाल्या होत्या. चौथी लावली आणि एकवीसवर ओढत राहिलो. मनात म्हणत होतो, मी खोटं काही सांगितलं नाही. नियमाला धरूनच आहे सगळं. तिला निम्मे मिळतील, उपाशी मरणार नाही. एका पोरीला तिच्या हक्काची जागा मिळतेय, आणि हे जर पाप असेल तर बाप होणं हेच पाप. अशी वाक्यं आली की माझा मला वास येतो. मुकादम पुठ्ठ्याच्या आडोशातून उठून बसला, त्याच्या गालावर प्लॅस्टिकच्या सुरकुत्या उमटल्या होत्या. "का रे, तोंड का असं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "चहा बाधला." तो म्हणाला, "तरी सांगतो, त्या मशीनचा पिऊ नकोस." आणि जांभई देत पुढची रॅकेट ओढली.

अकराच्या सुमाराला भिंतीवरच्या पडद्यावर नाव बदललं. मुकादमच ओरडला, "अरे, ही बघ! तुझी पोरगी!" सगळी मशीनं थांबली. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी हात हलवून हलवून मिळवला. अकरा नंबरचं कोर्ट, तिसरी मॅच, पंचवीसच्या जागी माझ्या मुलीचं नाव. मी बघत राहिलो. आयुष्यभर ज्याच्यासाठी झिजलो ते समोर लिहिलेलं होतं आणि मला आनंद व्हायला हवा म्हणून मी आनंद शोधत होतो, खिशात किल्ली शोधावी तसा. बायकोला फोन केला. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "खरं सांगताय? कशी काय लागली हो जागा?" ती म्हणाली. मी म्हटलं, "एकीने माघार घेतली." "बिचारी," बायको म्हणाली, "काय झालं तिला?" मी म्हटलं, "हात." आणि फोन ठेवला.

पाचच मिनिटांत पंचवीस स्वतः आली. नवरा नव्हता. साध्या कपड्यांत, केस मोकळे. पडद्यावर उंच दिसते, तितकी नाही. सहाही रॅकेटी टेबलावर बघून म्हणाली, "तारा कापून टाका सगळ्या. प्रवासात भरलेल्या नकोत." मी कात्री घेतली. मघाशी भरलेल्या तारा, हाताला अजून गरम लागत होत्या. ती समोरच उभी राहिली. मी मान वर केली नाही. वाटत होतं, आता बोलेल. बोलावं, शिव्या घालाव्या, चिठ्ठीचा बोळा करून तोंडावर मारावा. ती म्हणाली, "यादीतली पहिली तुमची मुलगी ना?" मी हूं केलं. "गुणी आहे," ती म्हणाली. "जिन्याखाली ते बर्फाचं मशीन आहे ना, त्याच्या मागे जागा आहे थोडी. डॉक्टर तिकडे फिरकत नाहीत. तीन दिवस आम्ही दोघी तिथेच बसतोय. एकच बादली. माझं कोपर, तिचं मनगट." माझी कात्री तारेवर तशीच राहिली. ती पुढे म्हणाली, "पहिल्या दिवशी तिने मला विचारलं, ताई, तुम्ही उतरणार? मी म्हटलं, उतरणार गं, काय करू. ती म्हणाली, बरोबर आहे, मीही उतरले असते. तोंड वाकडं केलं नाही तिने. उलट बर्फ संपला की माझ्यासाठी भरून आणायची." तिने रॅकेटी पिशवीत भरल्या. डाव्या हातानेच भरल्या. चेन ओढताना तिला जमेना, मी पुढे होऊन ओढून दिली. "कुणी सांगितलं ते मला विचारायचं नाहीये," ती म्हणाली. "पण सांगणाऱ्याला एवढं सांगा, निम्मे गेले ते माझ्या प्रशिक्षणाचे, प्रवासाचे गेले. पुढच्या वर्षी खेळणं नाही आता." आणि गेली. मुकादम दुसऱ्या टोकाला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग आपलं मशीन बघितलं. पुन्हा दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही.

मनगट. मी माझ्या पोरीच्या रॅकेटी शेवटच्या कधी भरल्या होत्या? पात्रता फेरीच्या त्या शेवटच्या मॅचआधी. त्यानंतर तीन दिवस तिने एकही आणली नव्हती. नुसती वाट बघणारा कशाला तारा बदलेल, असं मी समजलो होतो. ती वाकडी सही. ती बाटली. जगातल्या दोनशे बायकांचे हात मी तारेवरून ओळखतो. खोलीत शिरलेल्या माणसाचा नुसता आकडा ऐकला की त्याचं हाड कुठे दुखतंय ते सांगतो, असा मोठा टेंभा मिरवतो. आणि पोरीने बाटली पुढे केली तर मला वाटलं, लाडात आलीय. तिथेच खुर्चीवर बसलो. डोक्यावर पावलं वाजत होती. छतातून एक थेंब पडला, चिकट, गोड वासाचा. तो मी पुसला नाही.

मुलगी आली तेव्हा बारा वाजले होते. खेळायच्या कपड्यांत, केस घट्ट बांधलेले, चेहरा उजळलेला. तसा उजळलेला चेहरा मी तिचा फार वर्षांत बघितला नव्हता. तिने चार रॅकेटी टेबलावर ठेवल्या, डाव्या खांद्यावरून. खोलीतले सगळे तिला हात दाखवत होते, ती सगळ्यांना हसत होती. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाली, "बाबा, वीसवर करा."

चोवीस आहे ती. मीच ठरवला होता तिचा आकडा, ती पंधरा वर्षांची असताना.

"हवा जड आहे का?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मला कळलंय हे तिला कळलं. तरी म्हणाली, "हो. जड आहे आज."

"कधीपासून दुखतंय?"

"शेवटच्या मॅचला तिसऱ्या सेटमध्ये काहीतरी झालं."

"मग तीन दिवस सह्या कशाला करत होतीस? पेनसुद्धा धरवत नव्हतं ना तुला?"

"बाबा, हळू." तिने मागे बघितलं. "एक सेट काढते मी. दंड होणार नाही एवढं बघते. निम्मे पैसे म्हणजे सुद्धा केवढे आहेत, माहितीय ना? शस्त्रक्रिया होईल, आईचं दारोदार फिरून पेपर टाकायचं काम सुटेल. आणि नाव लागलं ना फलकावर? एकदा लागलं. ते कुणी पुसणार नाही."

"आणि तुझ्यामागे यादीत दुसरी कोण आहे?" मी विचारलं. "नीट खेळू शकेल अशी कुणीतरी बूट बांधून बसली असेल ना?"

"असेल," ती म्हणाली. मग हसली. लहानपणी जेवायच्या आधी गोष्ट सांगतो म्हटल्यावर हसायची तसंच हसली. त्यात टोमणा होता की नव्हता, देव जाणे, मी शोधून शोधून थकलो. "तुम्ही नाही का फाटलेल्या पोटरीने अकरा गेम लढलात? मी बारा काढून दाखवते."

ती गेली. मी तिची पहिली रॅकेट मशीनला लावली, चिमटे आवळले, जुन्या तारा मधून कापायला घेतल्या. मुठीची पट्टी ओली होती. नाकाशी नेली. घाम, आणि खाली कुठेतरी तो दुखण्यावर चोळायच्या मलमाचा वास, जो पंचवीसच्या रॅकेटींनाही येत होता. मशीनचा आकडा फिरवून वीसवर आणला. पहिली उभी तार ओढली, मशीनने टक् आवाज केला, धरून ठेवली. सगळं नीट चाललं होतं. हात थरथरत नव्हते, याचाच मला राग आला.

चौथ्या रॅकेटवर होतो तेव्हा दारात डॉक्टरबाई आल्या. त्यांनी आत पाऊल टाकलं नाही. मागच्या भिंतीवर त्या पुठ्ठ्यावर कुणाचा तरी ओला नॅपकिन वाळत होता, त्याकडे बघत म्हणाल्या, "अभिनंदन हं. मुलीचं सगळं ठीक आहे ना? मघाशी जिन्यात दिसली, हात जरा जपून धरल्यासारखा वाटला मला. काय आकडा घेतलाय तिने?"

मुकादमाचं मशीन थांबलं. वीस लिहिलेली चिठ्ठी माझ्या समोर होती. मी तिच्यावर तळहात ठेवला.

"चोवीस," मी म्हणालो. "नेहमीचाच."